पाठ टाचण

पाठ टाचण म्हणजे एका किंवा सलग काही तासिकांत वर्गात काय शिकवायचे, ते कोणत्या क्रमाने व कोणत्या साधनांनी शिकवायचे आणि विद्यार्थी ते शिकले की नाही हे कशावरून ओळखायचे, याची शिक्षकाने अध्यापनापूर्वी केलेली लेखी आखणी होय. तिला पाठनियोजन, पाठयोजना अशीही नावे आहेत. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत मात्र ‘टाचण’ हाच शब्द रूढ आहे. आठवणीसाठी थोडक्यात करून ठेवलेली नोंद असा त्याचा साधा अर्थ असून, टाचण किती लांब असावे याचे उत्तरही त्या अर्थातच आहे.

टाचणाचा विचार बहुधा ‘एक शिक्षक, एक वर्ग, एक तासिका’ असे चित्र डोळ्यांपुढे ठेवून केला जातो. प्रत्यक्षात महाराष्ट्राच्या डोंगराळ भागातील असंख्य शाळा द्विशिक्षकी आहेत व तेथे एकाच शिक्षकासमोर दोन ते चार इयत्ता एकाच वेळी बसलेल्या असतात. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस, रायगड जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेला मुळशी तालुका हे अशा परिस्थितीचे ठळक उदाहरण असल्याने, प्रस्तुत लेखात टाचणाच्या सर्वसाधारण माहितीबरोबर त्या तालुक्याच्या संदर्भात त्याचा विशेष विचार केला आहे.

संज्ञा आणि स्तर

नियोजनाचे तीन स्तर मानले जातात. वर्षभराचा अभ्यासक्रम महिन्यांत वाटून देणारे ते वार्षिक नियोजन. एका पाठ्यघटकाची उद्दिष्टे, तासिका व चाचणी ठरवणारे ते घटक नियोजन. आणि रोजच्या वा आठवड्याच्या अध्यापनाची नोंद म्हणजे दैनिक वा साप्ताहिक टाचण. अध्यापक विद्यालयातील छात्राध्यापक सराव पाठासाठी जे सविस्तर लेखन करतो, त्याला नुसते ‘पाठ’ म्हणतात. त्यात शिक्षककृती, विद्यार्थिकृती व फलकलेखन असे स्तंभ असतात आणि विचारावयाचा प्रत्येक प्रश्न लिहिलेला असतो. नोकरीतील शिक्षकाने रोज असे सहा पाठ लिहावेत ही अपेक्षा कोणी करत नाही, व करूही नये. सराव पाठ हा टाचणाचा आदर्श नमुना आहे असे समजणे, ही नवशिक्या शिक्षकाची पहिली गफलत असते. वस्तुतः ती एक तालीम असते.

ऐतिहासिक आढावा

इंग्रजी राजवटीपूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत टाचणाला जागाच नव्हती, कारण तेथे ‘वर्ग’ नव्हते. प्रत्येक मूल आपापल्या गतीने धुळाक्षरे, बाराखडी, उजळणी, मोडी वाचन असे पुढे सरकत असे आणि पुढे गेलेली मुले मागच्यांना शिकवीत. दक्षिण भारतातील अशाच प्रथेवरून प्रेरणा घेऊन अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील अनाथाश्रमात सहाध्यायी-अध्यापनाची पद्धत राबवली व ती पुढे इंग्लंडात ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर प्रांतोप्रांती शिक्षण खाती स्थापन झाली, इयत्तावार अभ्यासक्रम आला, आणि एका वयाच्या मुलांना एकाच वेळी एकच गोष्ट शिकवण्याची रीत स्थिरावली. टाचण हे या इयत्तापद्धतीचे अपत्य होय.

त्याला शास्त्रीय रूप दिले ते जर्मन तत्त्वज्ञ योहान फ्रीडरिश हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्या अनुयायांनी. हर्बार्ट यांनी अध्ययनाचे चार टप्पे सांगितले होते. त्सिलर व राइन यांनी त्यांची मांडणी पाच पायऱ्यांत केली. मराठीत ती ‘हर्बार्टची पंचपदी’ म्हणून प्रसिद्ध आहे : पूर्वतयारी, विषयनिवेदन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन. व्याकरणाचा नियम किंवा गणिताची रीत शिकवताना ही पंचपदी आजही उत्तम चालते. कवितेच्या पाठात मात्र तिने बरेच नुकसान केले आहे. कविता आधी कानांवर पडायला हवी, ती दोन-तीनदा नीट ऐकली जायला हवी. तिच्यातून ‘नियम’ काढण्याची घाई करणाऱ्या टाचणाने कवितेचा तास भाषेच्या चिरफाडीचा तास होतो.

विसाव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. भारतातील परीक्षा सुधारणेच्या कार्यातही ब्लूम यांचा सहभाग होता. या विचाराच्या प्रभावातून ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, अभिरुची ही उद्दिष्टे आणि त्यांखालील ‘स्पष्टीकरणे’ महाराष्ट्रातील अध्यापक विद्यालयांच्या पाठ वह्यांत आली व पिढ्यानपिढ्या तेथेच राहिली. नव्वदच्या दशकात क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन व त्यातील आकारिक व संकलित असे दोन भाग आले. त्यानंतर ज्ञानरचनावादाचा पुरस्कार झाला, आणि २०१७ पासून ‘अध्ययन निष्पत्ती’ हा शब्द टाचणाच्या पहिल्या रकान्यात येऊन बसला. पायाभूत स्तरासाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात अदिति, बोध, अभ्यास, प्रयोग व प्रसार अशी ‘पंचादि’ सुचवलेली आहे. नावातील साम्यामुळे ती व हर्बार्टची पंचपदी एकच असल्याचा समज होतो, तो बरोबर नाही.

रकान्यांची नावे अशी वारंवार बदलली, तरी टाचणाने उत्तर द्यावयाचे प्रश्न फारसे बदललेले नाहीत.

टाचणाचे घटक

उद्दिष्ट हा टाचणाचा कणा समजला जातो, आणि तोच सर्वांत सैलपणे लिहिला जातो. ‘विद्यार्थ्यांना पावसाचे महत्त्व समजेल’ हे वाक्य कोणत्याही इयत्तेच्या, कोणत्याही पाठाच्या टाचणात खपून जाते. त्यामुळे त्यातून काहीच ठरत नाही. ‘विद्यार्थी पर्जन्यमापकातील पाण्याची पातळी पट्टीवर मिलिमीटरमध्ये वाचतो व तारखेपुढे लिहितो’ असे म्हटले की साधन कोणते लागेल, किती वेळ लागेल आणि शेवटी काय तपासायचे, हे सारे त्या एका वाक्यातूनच निघते. चांगल्या उद्दिष्टाची कसोटी हीच : ते साध्य झाले की नाही, हे वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या तिऱ्हाइतालाही पाहून सांगता आले पाहिजे.

दुसरा घटक पूर्वज्ञानाचा. छापील टाचणांत येथे बहुतेक वेळा ‘विद्यार्थ्यांना पावसाविषयी माहिती आहे’ अशा धाटणीचे वाक्य आढळते. खरे पूर्वज्ञान वर्गातल्या मुलांगणिक वेगळे असते. चौथीतील किती मुलांना पट्टीवरील बारीक रेघा मोजता येतात, किती मुले शून्याऐवजी पट्टीच्या कडेपासून मोजतात, हे आदल्या दिवशी दोन मिनिटांत पाहून घेतलेले टाचणात असेल, तर पाठाची सुरुवात योग्य ठिकाणाहून होते.

तिसरा घटक म्हणजे अपेक्षित चुका. याला छापील नमुन्यात रकाना नसतो; अनुभवी शिक्षक तो समासात लिहितात. मुले कोठे अडखळतील व काय चुकीचे म्हणतील याचा आधीच विचार केलेला असला, की ती चूक झाल्यावर शिक्षक गडबडत नाही, रागावतही नाही. किंबहुना तो तिची वाटच पाहत असतो.

साधने, प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, मूल्यमापन व स्वाध्याय हे उरलेले घटक. त्यांपैकी फलकाविषयी एवढेच सांगण्यासारखे आहे की, फळ्याचा कोणता भाग तासभर राहील व कोणता पुसला जाईल हे आधी ठरवलेले असावे. बहुवर्ग शाळेत तर फळ्यावर उभी रेघ ओढून त्याचे दोन भाग करावे लागतात.

बहुवर्ग शाळेतील टाचण

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत पट असल्यास दोन शिक्षक असतात. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापन तास भरावे लागतात. शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरलेले असून त्यांत पूर्वतयारीचा वेळ समाविष्ट आहे. म्हणजे टाचण काढणे हे घरी रात्री करावयाचे जादा काम नव्हे. कायद्याने ते कामाच्या वेळातच धरले आहे.

या आकड्यांचा हिशेब मांडला की बहुवर्ग शाळेचा प्रश्न स्पष्ट होतो. २०० दिवसांत ८०० तास, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. पहिली ते चौथीच्या द्विशिक्षकी शाळेत प्रत्येक शिक्षकाकडे दोन इयत्ता असतात. त्याने वेळ समसमान वाटला, तर प्रत्येक इयत्तेला दिवसाचे दोन तास, वर्षाचे ४०० तास शिक्षक मिळतो. उरलेल्या ४०० तासांत त्या इयत्तेतील मूल शाळेत असते, पण शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे वळलेला असतो. सहकारी शिक्षक रजेवर, प्रशिक्षणास किंवा निवडणुकीच्या कामास गेला की चारही इयत्ता एकाकडे येतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला दिवसाचा एक तास उरतो.

एकवर्ग शाळेतील टाचण शिक्षकाच्या बोलण्याचे नियोजन करते. बहुवर्ग शाळेतील टाचणाचे खरे काम शिक्षक नसलेल्या वेळेचे नियोजन करणे हे आहे. ते झाले नाही, तर दुसरी इयत्ता ‘पाढे लिहा’, ‘धड्याचे शुद्धलेखन काढा’ अशा कामाला लावली जाते. ते काम दहा मिनिटांत संपवणारे मूल खिडकीबाहेर पाहते, आणि ज्याला ते जमतच नाही ते मूल अर्धा तास पेन्सिल तासत बसते. शाळेत नियमित हजर राहूनही चौथीपर्यंत वाचता न येणारी मुले आढळतात; त्यामागे अशा रिकाम्या तासांचा वाटा मोठा असतो.

अशा शाळेसाठी टाचणात प्रत्येक इयत्तेचे काम तीन प्रकारांत वाटतात : शिक्षकाजवळचे काम, जोडीदाराबरोबरचे काम आणि एकट्याने करावयाचे काम. नवी संकल्पना नेहमी शिक्षकाजवळच सुरू व्हावी; सराव जोडीत व्हावा; आणि एकट्याच्या कामाला कार्ड, कोडे वा मोजणी असे काही हाताशी असावे, ज्याचे उत्तर मुलाला स्वतः पडताळून पाहता येईल. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथील ग्रामीण शिक्षण केंद्राने बहुवर्ग शाळांसाठी कार्डांच्या शिडीची पद्धत विकसित केली व पुढे तमिळनाडूतील कृतियुक्त अध्ययनाला तिचा आधार मिळाला. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांनी फरशीवरील आखणी, वस्तू व कार्डे यांच्या साहाय्याने मुलांनी आपले आपण शिकावे असे प्रयोग केले आणि ते पाहण्यास राज्यभरातून शिक्षक जात असत. अशा कार्डांना एक मर्यादा आहे. कार्डे तयार असली तरी कोणत्या मुलाने आज कोणते कार्ड घ्यायचे हे रोज ठरवावेच लागते; तेवढे टाचण चुकत नाही.

मुळशी तालुक्यातील परिस्थिती

मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण पौड. पूर्वेला हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट ही पुणे व पिंपरी-चिंचवडला भिडलेली गावे, तर पश्चिमेला मुळशी धरणाचा जलाशय, ताम्हिणी घाट आणि सह्याद्रीच्या कड्यालगतच्या वाड्या-वस्त्या. माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या शेजारची भरगच्च शाळा आणि बोटांवर मोजता येईल इतक्या पटाची घाटमाथ्यावरची शाळा, अशा दोन्ही एकाच तालुक्यात, एकाच गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतात. दोघींना एकच छापील टाचण कसे चालेल, हा प्रश्न येथे शब्दशः उभा राहतो.

पश्चिम भागात वार्षिक नियोजन कॅलेंडरपेक्षा पावसाशी जुळवावे लागते. पुणे शहरात वर्षाकाठी सरासरी सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो; ताम्हिणी परिसरात काही वर्षी तो सहा हजार मिलिमीटरच्याही पुढे जातो. शाळा जूनच्या मध्यास उघडते आणि जुलैत भातलावणी ऐन भरात असते. तरवा काढणे, खाचरात चिखलणी, लावणी या दिवसांत घरातली सगळी माणसे शेतावर असतात. मोठी मुले धाकट्या भावंडांना सांभाळतात, काही स्वतः चिखलात उतरतात. ओढ्याला पाणी आले की वस्तीवरची मुले येऊच शकत नाहीत. जुलैत रोज नवा भाग पुढे नेणारे टाचण अशा वर्गात निम्म्या मुलांना मागे टाकते. म्हणून या महिन्यात एका दिवसात पूर्ण होणारे, आदल्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलालाही करता येतील असे सुटे पाठ घ्यावेत, आणि साखळीने एकमेकांवर उभे राहणारे घटक, उदाहरणार्थ भागाकार, भाद्रपदानंतर ठेवावेत, ही व्यवस्था सोयीची ठरते.

दिवाळीनंतर वेगळा प्रश्न उभा राहतो. कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या व अन्य कामांसाठी बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या अखेरीस परततात. अशा मुलांच्या शिक्षणात खंड पडू नये म्हणून महाराष्ट्रात शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत आहे. त्या पत्रकाला जोडून, मूल कोणत्या कार्डापर्यंत पोचले व पुढे काय घ्यायचे याची एक ओळ टाचणातून उतरवून दिली, तर दुसऱ्या गावच्या शिक्षकाला सुरुवात शून्यापासून करावी लागत नाही. एरवी ‘इयत्ता तिसरी’ एवढ्या दोन शब्दांवरून कोणालाही काही कळत नाही.

भाषेचाही विचार टाचणात यावा लागतो. कातकरी मुलांची घरची बोली प्रमाण मराठीहून वेगळी आहे. धनगर वाड्यांवरील व मावळी बोली बोलणाऱ्या मुलांचेही शब्द वेगळे असतात. नव्या धड्यातील कोणते पाच-सहा शब्द या मुलांना अनोळखी असतील ते आधी हेरून, त्यांच्या बोलीतील प्रतिशब्द मुलांकडूनच काढून घेण्याची जागा टाचणात ठेवल्यास पुढचे वाचन सुकर होते. ‘पदपथ’ अडतो, ‘बांध’ अडत नाही. पूर्व भागात याच रकान्याचे रूप पालटते. हिंजवडी-माण परिसरात बांधकामाच्या व कारखान्यांच्या कामावर आलेल्या कुटुंबांची मुले मराठवाड्यातून, विदर्भातून आणि परराज्यांतून आलेली असतात. तेथे ‘बांध’ व ‘खाचर’ हेच शब्द अनोळखी ठरतात आणि भातशेतीचे चित्र दाखवावे लागते.

नमुना : तिसरी व चौथीचा संयुक्त पाठ

पुढील नमुना जुलै महिन्यातील दोन सलग तासिकांचा, एकूण ८० मिनिटांचा आहे. विषय पावसाचे मोजमाप. तिसरीला धारकता (लिटर व मिलिलिटर) व चौथीला नोंदींवरून चित्रालेख, असे दोन इयत्तांचे वेगवेगळे उद्दिष्ट एकाच प्रसंगातून साधले आहे.

साधने घरगुती आहेत. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली खांद्याजवळ कापून वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवतात. बुडाशी बारीक खडे घालून पट्टीच्या शून्यापर्यंत पाणी भरतात, म्हणजे बुडाचा उंचसखलपणा मोजमापात येत नाही. बाहेरून पट्टी चिकटवली की पर्जन्यमापक तयार. भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीच्या साडेआठपर्यंतचा पाऊस एका दिवसाचा म्हणून मोजतो. शाळेनेही ठरावीक वेळ पाळावी. घाटमाथ्यावर एका दिवसात दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग येतात व लहान बाटली भरून वाहते. तेथे दिवसातून दोनदा वाचन घेऊन बेरीज करावी लागते, हे टाचणात आधीच लिहिलेले बरे. हा पाठ होण्यापूर्वी पाच दिवस चौथीच्या मुलांनी नोंदी ठेवलेल्या असाव्यात.

पहिली पाच मिनिटे मांडामांडीची, पुढची दहा सर्वांची. ‘काल पाऊस किती पडला?’ या प्रश्नाला ‘लई’, ‘खाचरं भरली’, ‘वढा आला’ अशी उत्तरे येतात. ती तशीच फळ्यावर लिहावीत. दोन मुलांच्या ‘लई’मध्ये फरक असतो हे मुलांच्या लक्षात आले की मोजण्याची गरज आपोआप निर्माण होते, वेगळे हेतुकथन करावे लागत नाही.

नंतरची वीस मिनिटे शिक्षक तिसरीजवळ बसतो. एक लिटरचे माप, अर्ध्या लिटरची बाटली, शंभर मिलिलिटरची वाटी. एका लिटरला किती वाट्या, याचा आधी अंदाज व मग मोजणी. या वेळेत चौथीची मुले एकट्याने कार्ड सोडवतात. कार्डावर पाच दिवसांच्या नोंदींचा तक्ता असतो आणि ‘एक थेंब म्हणजे १० मिलिमीटर’ असे प्रमाण घेऊन चित्रालेख काढायचा असतो. ४५ मिलिमीटर आल्यास काय करायचे, हे मुद्दाम सांगितलेले नाही. कोणी अर्धा थेंब काढते, कोणी पाच थेंब काढून मोकळे होते, आणि पुढच्या चर्चेला विषय मिळतो.

त्यापुढील वीस मिनिटांत अदलाबदल होते. तिसरीची मुले जोडीने घरून आणलेले तांबे, डबे, किटल्या वाटीने मोजून नोंद करतात. पडताळा त्यांच्याच हाती आहे, कारण दोन जोड्यांनी मोजलेल्या एकाच भांड्याची उत्तरे जुळली पाहिजेत. शिक्षक चौथीजवळ येतो. येथे अपेक्षित चूक आहे : रुंद डब्यात जास्त पाऊस मोजला जाईल, असे बहुतेक मुले ठामपणे सांगतात. त्यांना खोडून न काढता एक रुंद व एक अरुंद, दोन्ही सरळ भिंतींची भांडी अंगणात पावसात ठेवायची. रुंद भांड्यात पाणी अधिक साठते, उंची मात्र दोन्हींत सारखीच येते. पाऊस लिटरमध्ये न सांगता मिलिमीटरमध्ये का सांगतात, याचे उत्तर मुलांना अंगणात मिळते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हा सुंदर हिशेब येथे शिक्षकाच्या जिभेवर येतो. पण चौथीला क्षेत्रफळाची तेवढी तयारी नसते, तेव्हा तो मोह आवरावा.

उरलेल्या वेळात पंधरा मिनिटे दोन्ही इयत्ता एकमेकींना आपापले काम सांगतात. शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येक मूल एकेक वाचन वा मापन करून दाखवते. पट लहान असण्याचा हा एक निखळ फायदा : चाळीस मुलांच्या वर्गात दहा मिनिटांत प्रत्येक मूल पाहून होत नाही, बारांच्या वर्गात होते. पाऊस नेमका त्या दिवशी उघडला, तर झारीने पाणी शिंपडून प्रयोग उरकण्यापेक्षा भांड्यांचा भाग दुसऱ्या दिवशी घ्यावा.

परिसरातील इतिहासाचे टाचण

इतिहासाच्या टाचणात ‘साधने’ या रकान्यापुढे नकाशा व चित्र एवढेच लिहिण्याची सवय आहे. मुळशीत साधन गावातच असते. टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी बांधलेल्या मुळशी धरणात जमिनी व गावे जाणार म्हणून १९२१ मध्ये येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट याच लढ्यापासून ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे एक प्रमुख सहकारी होते. लढा अयशस्वी झाला व धरण झाले. जलाशयाकाठच्या शाळेत या विषयाचे टाचण करताना मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावयाचे तीन-चार प्रश्नच मुख्य साधन ठरतात : आपले जुने गाव कोणते, देवळातला देव कोठून आणला, शेत कोठे होते. मात्र विस्थापनाची आठवण काही घरांत अजून दुखरी असते. प्रश्न नेमके कोणते व किती विचारायचे, हे टाचणात आधी ठरवून ठेवण्याचे तेही एक कारण. शिवकालाच्या पाठासाठी एकोले गावाजवळील घनगडासारखा किल्ला जवळ असला तरी पावसाळ्यात सहल ठरवू नये. हिवाळ्यातील शनिवार त्याला योग्य.

तपासणी आणि टीका

टाचण वहीची तपासणी मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख व विस्तार अधिकारी करतात. वहीत सही व दिनांक असतो. शाळाभेटीचे अभिप्राय शेरेबुकात लिहिले जातात. तपासणीमुळे टाचण काढले जाते हे खरे, पण त्यामुळेच ते बहुधा तपासनिसासाठी काढले जाते. बाजारातील तयार टाचणे वहीत उतरवून काढण्याची प्रथा जुनी आहे. पुढे ती मोबाइलवरून फिरणाऱ्या फायलींच्या रूपाने अधिकच सोपी झाली. एका वर्षीची वही दुसऱ्या वर्षी तारखा बदलून वापरली जाते. शिक्षकांची बाजूही विचारात घेण्यासारखी आहे. ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराच्या नोंदी, विविध सर्वेक्षणे यांत जाणारा वेळ पूर्वतयारीच्या वेळातूनच वजा होतो. अधिनियमाच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतील असे म्हटले असले, तरी शाळेतील कागदपत्रांच्या कामाला ते कलम आवर घालत नाही.

टाचणावर दुसरी टीका तत्त्वाची आहे. आधी सर्व ठरवून ठेवल्याने शिक्षक मुलांकडे न पाहता वहीकडे पाहतो, असे म्हटले जाते. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयासारख्या शाळांनी मुलांच्या प्रश्नांना, परिसराला व प्रकल्पांना केंद्रस्थानी ठेवले. तेथे नियोजन नसते असा समज होण्याची शक्यता आहे. वस्तुतः मुलांच्या प्रश्नामागे जाण्यासाठी तासाला शिकवणाऱ्यापेक्षा अधिक तयारी लागते. बहुवर्ग शाळेत तर टाचण टाळून मोकळीक मिळत नाही. तेथे आखणी नसली की शिक्षक एका इयत्तेत गुंततो आणि दुसरी तशीच बसून राहते.

पाठानंतरची नोंद

टाचणाचा शेवटचा भाग पाठ झाल्यानंतर लिहावयाचा असतो व तो बहुतेक वह्यांत कोरा आढळतो. तेथे ‘पाठ यशस्वी झाला’ असे लिहिण्याऐवजी तीन गोष्टी लिहाव्यात : कोणत्या मुलांना आले नाही, कोणता प्रश्न चालला नाही, आणि वेळ कोठे कमी पडला. वरील नमुन्याच्या पाठानंतर अशी नोंद साधारणतः चार ओळींची होते : तिसरीच्या दोघांना अर्धा लिटर व पाव लिटर यांत गोंधळ, चौथीत पट्टी शून्यापासून न वाचणारे तिघे, उद्या सकाळचे पर्जन्यमापकाचे वाचन त्यांच्याकडे, अर्ध्या थेंबाची चर्चा लांबली, पाच मिनिटे वाढवणे, लावणीमुळे गैरहजर चौघे, सोमवारी जोडीदारांकडून मापन करून घेणे. दुसऱ्या दिवसाचे टाचण या चार ओळींखालीच सुरू होते.